साडेतीन तारे, आणि अर्धा का कापला त्याची हकिगत

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भरपूर कुरकुर करणार आहे आणि वाचता वाचता कुणालाही वाटेल की हिने एका ताऱ्यावर बोळवण केली असणार. बॅकअप सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाच आठवडे जो गोंधळ झाला त्यातला निम्मा दोष त्याचा, पाव माझ्या लॅपटॉपच्या जुन्या डिस्क-मांडणीचा आणि उरलेला पाव माझ्या भाच्याचा. एकट्याचं नाव घेऊन फासावर चढवणं बरं नव्हे.

मी अनुवाद करते. सोळा वर्षांची ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आजवर केलेलं प्रत्येक वाक्य, पावणेदोन जीबीच्या एकाच फाइलीत आहे. ती गेली तर मी उद्यापासून नवशिकी. आणि ही फाइल दिवसभर उघडी असते. उघडी फाइल नुसती कॉपी केली तर एकतर कॉपी होतच नाही, किंवा अर्धी जुनी अर्धी नवी अशी कॉपी होते, जी नंतर उघडतच नाही. म्हणून मी पैसे भरून हे सॉफ्टवेअर घेतलं. रविवारी रात्री अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाकी दिवशी रात्री ११ला फक्त बदललेलं तेवढं. समोर २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. इतकं, की मी त्याच्याकडे बघायचंही सोडलं.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, म्हणून आदल्या रविवारी, १२ तारखेला, मी जुन्यावरच विंडोज ११ चढवलं. अपग्रेड व्यवस्थित झालं. फायली जागच्या जागी, प्रिंटरसुद्धा कुरकुरला नाही. रात्री ११ला इमेज सुरू झाली आणि चाळीस सेकंदांत आडवी. संदेश असा: ‘काम पूर्ण होऊ शकलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ खाली त्याच नावाचं मोठं निळं बटण. मी ते सात वेळा दाबलं.

सपोर्टला मेल केला. उत्तर आलं की काढून टाका, पुन्हा टाका. टाकलं. तीच चाळीस सेकंदं, तोच संदेश. वर नव्या इन्स्टॉलला जुन्या बॅकअपची साखळी, म्हणजे एकामागून एक घेतलेले आधीचे बॅकअप, ओळखता येईना. दुसऱ्या मेललाही तेच उत्तर, शब्दही तेच. तिसऱ्या वेळी मात्र खरंखुरं माणूस भेटलं असावं, कारण त्याने विचारलं, ‘कितव्या टक्क्यावर थांबतं?’

हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते. शून्यावरच मिनिटाच्या आत पडलं, तर कॉपी सुरूच झालेली नाही, त्याआधीच्या तयारीत काहीतरी बिनसलंय. दर वेळी साधारण त्याच टक्क्यावर पडलं, तर डिस्कचा तिथला भाग वाचता येत नसेल. कधी वीसवर, कधी सत्तरवर पडलं, तर आधी केबल बदलून बघावी. माझं पहिल्या प्रकारात बसत होतं, आणि सॉफ्टवेअरला ते माहीत होतं. लॉग फाइलीत सगळं लिहिलेलं होतं, वेळेसकट. ती फाइल चार मेनू खाली पुरून ठेवलेली.

लॉगबद्दल मात्र पूर्ण मार्क. इतका नीटनेटका लॉग मी दुसऱ्या कुठल्याच बॅकअपवाल्याचा पाहिलेला नाही. त्यातला कोड मी फोनवर भाच्याला वाचून दाखवला. ‘शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, चार, दोन, तीन, एक, एफ.’

‘मावशी, शेवटचा एफ आहे की ई?’

‘एफ. फणसातला.’

थोडा वेळ टकटक. ‘म्हणतंय, सावली ठेवायला जागा नाही.’

मी म्हटलं, ‘अरे, ५१२ जीबीची डिस्क आहे, १९० रिकामी आहे, कसली जागा नाही?’

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझे पहिले दोन आठवडे हे न कळल्यामुळेच वाया गेले. उघड्या फाइलींचा बॅकअप घ्यायला विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सेवा आहे, एक्सपीच्या काळापासूनची. बॅकअप सुरू होताना ती चालू प्रोग्रॅम्सना क्षणभर हात थांबवायला सांगते, डिस्क त्या घटकेला जशी आहे तशी पकडून ठेवते (हीच ती सावली) आणि मग सगळ्यांना मोकळं सोडते. त्यानंतर मी फाइलीत काही बदललं, तर बदलण्याआधीचा तुकडा बाजूला उचलून ठेवला जातो. बॅकअपला जुनं चित्र मिळत राहतं, मी माझं काम करत राहते. आता हा ‘बाजूला’ ठेवायचा तुकडा ठेवायला जागा लागतेच. आणि अख्ख्या डिस्कची इमेज म्हटल्यावर सॉफ्टवेअर सी ड्राइव्हबरोबर त्या डिस्कवरच्या चिमुकल्या रिकव्हरी पार्टिशनचीही (दुरुस्तीसाठी वेगळ्या काढलेल्या कप्प्याची) सावली मागतं. नियम असा, की पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात निदान ५० एमबी मोकळे हवेत. मोठं असेल तर ३२० एमबी. सीवर १९० जीबी असले काय, नसले काय, या हिशेबात ते धरत नाहीत.

माझं रिकव्हरी पार्टिशन ४९९ एमबीचं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं, तर त्याच्यासमोर लिहिलेलं, ‘१०० टक्के रिकामं’. मी लगेच भाच्याला म्हटलं, बघ, तुझं निदान चुकलं. पण ते १०० टक्के फसवं असतं. पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसलं की डिस्क मॅनेजमेंटला आत डोकावता येत नाही, आणि न डोकावताच ते ‘रिकामं’ म्हणून सांगतं. भाच्याने दूरवरून माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने त्या पार्टिशनला ई हे अक्षर दिलं, आणि खरा आकडा बाहेर आला. मोकळे फक्त ३४ एमबी. अपग्रेडमध्ये तिथली रिकव्हरीची फाइलही नवी येते, आणि वर एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीचं) चेंज जर्नल तिथे ठाण मांडून होतं. कुठल्या फाइली कधी बदलल्या याची ती रोजनिशी. जिथे वर्षानुवर्षं काही बदलत नाही, तिथे रोजनिशी कशाला? एफएसयूटिल नावाच्या कमांडने ती काढली आणि मोकळी जागा ७२वर गेली. (ही कमांड चालवण्याआधी अक्षर दोनदा तपासा. आणि त्या पार्टिशनमधल्या बाकी कशालाही हात लावू नका, लॅपटॉप सुरूच होईनासा झाला तर दुरुस्तीची हत्यारं तिथेच असतात.)

‘आता रात्री आपोआप होईल,’ म्हणून भाच्याने फोन ठेवला. मी एक्स्टर्नल डिस्क परत जोडली आणि निवांत झोपले.

सकाळी बघते तर, ‘जागा अपुरी आहे.’

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं सावलीच्याच मागे. जागा अजून कमी पडतेय, त्या सेवेची मांडणी बिघडलीय, जुन्या एखाद्या बॅकअप सॉफ्टवेअरचे अवशेष आडवे येतायत. साप समजून भुई धोपटणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी सहज ई ड्राइव्ह उघडला, तर आत माझ्या बॅकअपची एक अर्धवट फाइल. रिकव्हरी पार्टिशनमध्ये!

झालं होतं असं. दुरुस्ती करताना एक्स्टर्नल डिस्क काढलेली होती. तिचं नेहमीचं अक्षर ई. ते मोकळं दिसलं म्हणून भाच्याने रिकव्हरी पार्टिशनला दिलं, आणि काम झाल्यावर काढून घ्यायला विसरला. मी डिस्क जोडल्यावर विंडोजने तिला एफ दिलं. सॉफ्टवेअरला ‘ईवर लिही’ एवढंच ठाऊक. त्याने शहाण्यासारखं अख्ख्या डिस्कची इमेज ७२ एमबीत कोंबायला सुरुवात केली. नुकतीच मोकळी केलेली जागाही त्यात गेली. हात दाखवून अवलक्षण.

भाच्याला मी बोलले ते बोलले, पण यात सॉफ्टवेअरचा गुन्हा जास्त मोठा आहे. प्रत्येक व्हॉल्यूमला, म्हणजे ड्राइव्हला किंवा पार्टिशनला, विंडोज स्वतःची एक लांबलचक ओळख देतं. अक्षर बदललं तरी ती बदलत नाही. पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या ओळखीवरून डिस्क शोधायला हवी. बरं, ओळख नाही तर नाही, ज्या ‘डिस्क’वर मी तीन वर्षं शेकडो जीबी टाकतोय ती अचानक ४९९ एमबीची कशी झाली, एवढी शंकाही येऊ नये? अर्धा तारा इथे कापला. आम्ही ती अर्धवट फाइल उडवली, रिकव्हरीचं अक्षर काढून घेतलं आणि एक्स्टर्नलला आर हे अक्षर कायमचं देऊन टाकलं. मुद्दाम लांबचं, म्हणजे येणारा-जाणारा पेनड्राइव्ह त्यावर बसणार नाही. त्या रात्री इमेज एक तास पन्नास मिनिटांत पूर्ण झाली. मी शेवटपर्यंत स्क्रीनसमोर बसून होते, बाळ झोपलंय का बघत बसावं तशी.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण मला आता सवय लागली होती, म्हणून एका वहीत रोज सकाळी तारीख आणि ‘झाला / नाही’ असं लिहायला लागले. सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर भलीमोठी हिरवी खूण. वहीत मात्र दहा दिवसांत तीन ‘नाही’. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे अपयश नव्हतंच! बॅकअप सुरू होऊन पडला तरच तो अपयशी. सुरूच झाला नाही, तर शेवटचा यशस्वी होता ना, मग हिरवं. एक पूर्ण तारा मी यासाठी कापलाय आणि माझ्या मते हे औदार्य आहे.

त्या तीन तारखांना काय झालं होतं ते वहीमुळेच सापडलं. तिन्ही रात्री मी पलीकडच्या खोलीत काम करून लॅपटॉप चार्जरशिवाय मिटून ठेवला होता. अपग्रेडनंतर पॉवरच्या सेटिंग्ज मूळपदावर आल्या होत्या आणि ठरल्या वेळी लॅपटॉपला झोपेतून उठवायची परवानगी बंद झाली होती. शिवाय सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यावर ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमधल्या कामावर ‘चार्जर लावलेला असेल तरच’ अशी अट चढली होती. दोन्ही बदललं, आणि ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव’ या ओळीवरही खूण केली. तेव्हापासून वहीत ‘नाही’ आलेलं नाही. वही अजून बंद केलेली नाही.

आता ज्यासाठी साडेतीन तारे टिकले ते. परत मिळवणं या सॉफ्टवेअरला फार छान येतं. इमेज एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. मी तीन आठवड्यांपूर्वीची ट्रान्सलेशन मेमरी बाहेर काढून अनुवादाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, सगळी वाक्यं जागेवर. रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोज सुरू होत नसेल तेव्हा लॅपटॉप ज्यावरून सुरू करायचा तो) बनवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. फक्त तो अपग्रेडनंतर नव्याने बनवा आणि एकदा त्यावरून लॅपटॉप सुरू करून बघाच. मी केला तेव्हा सी ड्राइव्हला कुलूप! डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली होती, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून काढली आणि कागदावर सहा-सहाच्या गटांत उतरवून घेतली. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. विंडोज चालू असताना घेतलेल्या इमेजमध्ये मजकूर कुलपाबाहेरच येतो, तेव्हा इमेजला वेगळा पासवर्ड दिला नाही तर ती एक्स्टर्नल डिस्क ज्याच्या हाती लागेल तो सगळं वाचू शकेल. सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डची सोय आहे, पण आपण होऊन ते विचारत नाही.

ज्यांना लॉग वाचायचा कंटाळा नाही, किंवा ज्यांना भाचा आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. एकदा लावून विसरून जायचंय अशांनी घेऊ नये. मी तीन वर्षं विसरले होते.

लायसन्स मी पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलंय. बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक तारा आजही वाढवायला तयार आहे. पहिल्या पानावरची ती हिरवी खूण काढा आणि तिथे तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा: ‘शेवटचा बॅकअप ४ दिवसांपूर्वी.’