बंदरावरचा बर्फ: पापलेटासाठी पाच तारे, एन्झाइमसाठी चार

पाटीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्लीत, त्यामुळे नाव काय म्हणून विचारू नका. रत्नागिरीत बंदराकडे उतरताना एक मोठी पत्र्याची शेड लागते, बाहेर जाळ्यांचे ढीग असतात आणि अचानक नाकात अमोनियाची झिणझिणी जाते. तोच बर्फाचा कारखाना. सगळे त्याला नुसता 'कारखाना' म्हणतात. गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलरवाले, मासळीचे व्यापारी, लग्नाचे केटरर आणि गेली तीन वर्षं मी.

मी मासळी विकत नाही. कालवांवर पीएचडी करते. उन्हात तापलेल्या कातळावर तासन् तास बसून राहिलेल्या कालवाच्या पेशींत काय उलथापालथ होते, हा माझा विषय. त्यासाठी कालव फोडायचं, कल्ले आणि पाचक ग्रंथी कापून छोट्या नळ्यांत भरायच्या आणि प्रयोगशाळेत नेऊन त्यातलं कॅटालेझ मोजायचं. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा बर्फ फोडणाऱ्या क्रशरवरच्या मामांनी विचारलं, "फोडल्यावर खायत नाय?"

"नाही."

"मग फुकट घालवतेस गो."

आता बर्फ कशाला, ते सांगते, कारण त्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. कॅटालेझ हे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम. ताण वाढला की पेशीत पेरॉक्साइड वाढतं, म्हणून कॅटालेझ किती जोमाने काम करतंय हे बघायचं. पण पाचक ग्रंथी म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या रसायनांचं कोठारच. ती कापली की ही मंडळी मोकाट सुटतात आणि माझं कॅटालेझच खायला लागतात. त्यांना गप्प बसवण्याचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे थंडी. शून्य ते चार अंशांच्या मध्ये ठेवा, सगळे सुस्तावतात. त्याच्या वर गेलात तर एन्झाइम चाललं. खाली जाऊन हळूहळू गोठवलंत तर बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात आणि आतला माल बाहेर येतो. म्हणजे मला थंड हवं, पण गार-गोठण नको. हे ऐकायला सोपं आहे. मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या कातळावर उभं राहून करून बघा.

माझी पहिली दीड वर्षं कारखान्याशिवाय गेली. विभागाचं बर्फाचं मशीन मी यायच्या आधीपासून बंद होतं. दुरुस्तीचा करार होता, दुरुस्ती नव्हती. मग ऑनलाइन एक भारीतला कूल बॉक्स मागवला, जाड भिंतींचा, निळ्या जेल पॅकसकट. माझ्या फेलोशिपचा चांगला लचका गेला त्यात. जेल पॅक उणे वीसच्या फ्रीझरमधून काढून भरले की वरून दिसायला सगळं झकास. पण पॅक असतो दगडासारखा कडक आणि नळ्या गोल. जिथे टेकल्या तिथे गोठल्या, जिथे टेकल्या नाहीत तिथे कोमट. एकाच कालवाच्या दोन नळ्या, एकीत आकडा भरपूर, दुसरीत निम्मा. 'तुझा हात थरथरतो का?' असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, ते मला अजून लागतं. हात थरथरत नव्हता. पॅक वाईट होता.

बर्फाचा चुरा आणि त्यात थोडं पाणी, या काल्याची बरोबरी कशालाच नाही. नळी त्यात खुपसली की चारी बाजूंनी शून्य अंश. वितळतोय तोवर तो शून्यावरच राहतो आणि वितळायलाही त्याला घाई नसते: एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात शून्य अंशावरचं एक किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मासळीवाल्यांना हे कुणी शिकवलं नाही, पण ते पापलेट काल्यातच बुडवतात, लादीवर मांडत नाहीत.

आता वेळेचं. इथे कारखान्याला पूर्ण गुण. आमच्याकडे भरतीचा हिशोब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) पाचच्या सुमाराला, पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला भरती सहाला, तर सुकती भर बारा वाजता. माझा सगळा अभ्यास या दोन तिथींमधल्या फरकावर उभा आहे. अमावास्येला कालवं पहाटेच्या गारव्यात उघडी पडतात, अष्टमीला वरच्या कातळावरची ऐन उन्हात. एकच प्राणी, एकच खडक, दोन वेगळे दिवस. तेव्हा मला बर्फ एकदा पहाटे चारला लागतो आणि एकदा सकाळी अकराला. पहाटे चारला उघडं असलेलं वैज्ञानिक साहित्याचं दुकान मला दाखवा. कारखाना उघडा असतो, कारण होड्यांनाही तिथीच बघावी लागते.

पहाटेचा प्रकार एकदा तरी बघण्यासारखा आहे. जमिनीत एक भलामोठा हौद, वर लाकडी फळ्या, खाली मिठाचं पाणी. मिठामुळे ते शून्याखाली जाऊनही गोठत नाही, आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे बुडवलेले. अमोनियाच्या नळ्या मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढतात, मिठाचं पाणी डब्यातली ओढतं, आणि सुमारे दिवसभराने लादी तयार. क्रेनने डब्यांची अख्खी ओळ वर येते, साध्या पाण्याच्या टाकीत डुबकी मारते, मग आडवी होते आणि लाद्या सर्रकन घसरत येतात. माणसाच्या छातीला लागेल एवढी एकेक लादी. मामा लोखंडी आकड्याने ती ओढून क्रशरच्या तोंडात लोटतात. पुढचे दहा सेकंद तुम्हाला काही ऐकू येत नाही.

लादी नीट बघा. कडेने काचेसारखी आरपार, मधोमध पांढरी धुकट पट्टी. पाणी बाहेरून आत गोठत जातं, आणि गोठताना हवा आणि क्षार आत ढकलत नेतं. शेवटी सगळा कचरा मध्यावर अडकतो. मी मामांना सांगून कडेचा चुरा घेते. ते हसतात, पण देतात.

आता एक तारा का कापला ते.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या एका अख्ख्या खेपेचे नमुने कडेने गोठले. चुराच होता, काला नीट केला होता, तरी नळ्यांत पांढरे कण. थर्मामीटर घातला तर उणे तीन. शून्य अंशाचा बर्फ उणे तीन कसा दाखवेल? थर्मामीटर बिघडला असं वाटून दुसरा घातला. त्याचंही तेच मत. शेवटी वितळलेलं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. दही लागल्यासारखा पांढरा साका खाली बसला. क्लोराइड, म्हणजे मीठ. आमच्या नळाच्या पाण्यालाही थोडा धुकटपणा येतो, पण हे प्रकरण वेगळंच होतं. सरळ चाटून बघितलं असतं तरी कळलं असतं, पण प्रयोगशाळेत चाटायचं नाही हा नियम आणि कारखान्यातला बर्फ चाटायचा नाही हा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "डबा फुटका आसंल." डब्याला गंजून बारीक भोक पडलं की हौदातलं मिठाचं पाणी आत झिरपतं, लादी खारट होते, आणि खारट बर्फ वितळताना शून्याखाली उतरतो. मीठ पुरेसं असेल तर उणे एकवीसपर्यंत, कुल्फीवाले हेच करतात. मासळीला त्याने बिघडत नाही, उलट जरा बरंच. माझे बारा कालवांचे नमुने मात्र गेले आणि पुढच्या अमावास्येपर्यंत थांबावं लागलं.

तक्रार अशी की फुटके डबे त्यांना माहीत असतात. मामांनी बोटाने दाखवले, "हा, तो, आणि त्या टोकाचा." मग बदलत का नाहीत? "शेठला इचार." शेठ कधी भेटत नाहीत. तेव्हा आता मी सिल्व्हर नायट्रेटची छोटी ड्रॉपर बाटली काळ्या कागदात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवते आणि घमेल्यातला पहिला चुरा तपासूनच डबा भरते. व्यापारी थांबून बघतात. एकाने विचारलं, फॉर्मालिनची (मासळी टिकवायला चोरून मारतात ते रसायन) तपासणी आहे का? मी नाही म्हटलं, पण तोवर तो दोन पावलं मागे सरकला होता.

दुसरी तक्रार पावतीची. पावती मिळत नाही. मागितली तर वहीचं पान फाडून 'बर्फ' एवढं लिहून देतात, खाली सही, तीही ओल्या हाताने. ती लेखा विभागात सादर केली तर खिडकीवरून विचारणा झाली, "कसली पार्टी होती?" मी 'एन्झाइम परिरक्षणासाठी चुरा बर्फ' असं लेखी स्पष्टीकरण जोडलं. बिल परत आलं, शेरा होता, 'खाद्यपदार्थ मंजूर नाहीत'. त्यानंतर मी मागणं सोडून दिलं. घमेलंभर चुऱ्याला लागतात ५० रुपये, तेवढे माझ्या चहातून कापते.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, पण माहीत हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस, आणि होड्या वर ओढल्या की कारखानाही जवळजवळ झोपतो. नेमका तेव्हाच मला बर्फ हवा असतो, कारण पावसाने खाडीचं पाणी गोडं होतं आणि कालवांवर उन्हापेक्षा वेगळाच ताण येतो. त्या दोन महिन्यांत मी घरच्या फ्रीजमध्ये वाट्यावाट्यांनी बर्फ लावते आणि वरवंट्याने फोडते. आईचं म्हणणं, या पीएचडीपेक्षा खानावळ काढली असतीस तर वरवंटा तरी कामी आला असता.

कशासाठी हा बर्फ चालणार नाही, तेही सांगून टाकते. आरएनए, म्हणजे पेशीत चालू असलेल्या जनुकांची नक्कल, काढायचा असेल तर इथे येऊ नका. उष्णतेच्या धक्क्याने कुठली जनुकं चालू झाली हे बघायचं तर ऊतक तिथल्या तिथे झटक्यात गोठवायला हवं, शून्य अंश तिथे अगदीच तोकडे. त्याला द्रव नायट्रोजन लागतो, उणे १९६. तो रत्नागिरीसारख्या गावात कुठे मिळेल म्हणून मी महिनाभर पुण्या-मुंबईला फोन लावले. शेवटी कळलं, गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. म्हणजे माझ्या आधी गावातल्या म्हशींना त्याची माहिती होती. ते वेगळं परीक्षण पुन्हा कधीतरी.

आणि जिवंत कालवं या बर्फात अख्खी बुडवू नका. एका नव्या मुलीने केलं होतं, वेळ वाचवायला. खाऱ्या पाण्यातला जीव, त्यावर वितळलेलं गोडं पाणी आणि वरून थंडी. त्या कालवांत जो ताण मोजला गेला तो कातळाचा नव्हता, आमच्या डब्याचा होता. कातळावरच फोडा, कापा, नळीत भरा आणि मग काल्यात खुपसा. कालव फोडायला मी तिथल्या बायकांकडूनच शिकले. त्या एका घावात फोडतात. मला अजून तीन लागतात.

जाणाऱ्यांसाठी: रबरी चपला घाला, फरशीवर कायम पाणी असतं आणि मी दोनदा आपटलेय. सुट्टे पैसे न्या. क्रशर चालू असताना बोलायला जाऊ नका. थर्माकोलचा डबा मामांकडूनच मागून घ्या, वापरलेला चालतो. माझा कूल बॉक्स आता घरी कोकमाच्या बाटल्या ठेवायला आहे. डब्याच्या तळाशी पाणी जायला भोक असतं, ते प्लास्टिकची पिशवी कोंबून बंद करा, नाहीतर काला होणार नाही, नुसता कोरडा चुरा राहील.

आणि डबा परत देताना रिकामा आहे ना, बघा. मी एकदा तसाच दिला. दोन दिवसांनी मामा म्हणाले, तुझी एक नळी सुरमईच्या डब्यातून कोल्हापूरला गेली, व्यापाऱ्याचा फोन होता, हे काय औषध आहे म्हणून विचारत होता. नळीवर माझ्या अक्षरात 'अष्टमी, ७, ग्रंथी' असं लिहिलेलं. मी तिथेच वही काढून बघितलं. सातवा नमुना आदल्याच दिवशी वापरून झाला होता, नळी रिकामी होती.