आठवडा भाड्याने दिला, जबाबदारी माझ्याच नावावर राहिली

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या वर्षीचं आमचं रिसॉर्टला जाणं रद्द झालं. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधली जागा दर वर्षी ठरावीक काळ वापरायचा हक्क, घेऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दर वर्षी ठरलेला आठवडा, एका बेडरूमचं युनिट, चार माणसांची सोय. तुम्ही जा नाहीतर घरी बसा, मेन्टेनन्स भरावाच लागतो, आणि न वापरलेला आठवडा बुडतो तो बुडतोच. म्हटलं, भाड्याने देऊ, निदान मेन्टेनन्सचे पैसे तरी निघतील. टाइमशेअर असलेल्या बहुतेकांच्या मनात हा विचार कधी ना कधी येतो. आमच्या बाबतीत मात्र दोन वर्षांच्या मेन्टेनन्सहून जास्त रक्कम त्यात गेली. तुमच्यापैकी कुणाची जाऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जाहिरात टाकल्यावर तिसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. बोलणं अगदी सभ्य. "ताई, मुलं लहान आहेत, पोहण्याचा तलाव फार खोल नाही ना?" असं काळजीने विचारणाऱ्या माणसाबद्दल मनात वाकडं येत नाही. भाड्यात एका पैशाची घासाघीस नाही. "ॲडव्हान्स कशाला, सगळेच भरतो," म्हणाले आणि कार्डाने पूर्ण रक्कम भरली. कार्डावरचं नाव वेगळं होतं, तर म्हणाले मेहुण्याचं आहे. चार दिवसांनी पुन्हा फोन: "आम्हाला पोचायला उशीर होईल, माझा भाऊ आधी जाईल, चेक-इन त्याच्या नावाने करून द्या." मी रिसॉर्टची फी भरून भावाच्या नावाचं गेस्ट सर्टिफिकेट काढून दिलं. बोलणारा एक, पैसे भरणारा दुसरा, राहायला जाणारा तिसरा. पैसे खात्यात दिसत होते, त्यामुळे यात काही खटकलं नाही.

हे गेस्ट सर्टिफिकेट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सदस्याऐवजी दुसरी व्यक्ती राहायला येणार आहे, एवढंच त्यातून रिसॉर्टला कळतं. रिसॉर्टचा करार त्या व्यक्तीशी होत नाही, तो तुमच्याशीच राहतो. पाहुण्याने काही मोडलं, बिल थकवलं, जास्त माणसं आणली, तर वसुली सदस्याकडून. आमच्या करारात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. नऊ वर्षांत ते पान मी एकदाही वाचलं नव्हतं, कारण तोवर आम्हीच जात होतो आणि कधी कपसुद्धा फुटला नव्हता.

आठवडा संपल्यानंतर दोन दिवसांनी रिसॉर्टकडून फोटो आले. एकूण चौदा. पहिल्याच फोटोत जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर इस्त्रीचा काळा ठसा. पुढचं टोक, कडा, वाफेची भोकं मोजता येतील इतका स्पष्ट. गरम इस्त्री ठेवून कुणीतरी विसरून गेलं असणार. सोफ्याची शिवण उसवलेली, बाथरूममधलं बेसिन भिंतीपासून सुटलेलं, आणि तिथलं पाणी झिरपून खालच्या युनिटच्या छताला ओल आलेली. सफाई करणाऱ्या बाईंनी नोंद केली होती की हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून माणसं झोपत होती. चार जणांच्या जागेत अकरा जण राहिले होते. त्याचा दंड वेगळा.

सोबत जेवणाची आणि स्पाची बिलंही होती. चेक-इनच्या वेळी पाहुण्याचं कार्ड घेऊन त्यावर डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. त्या दिवशी त्यांचं कार्ड चाललं नाही, आणि "मेंबरच्या खात्यावर टाका, आमचं बोलणं झालंय" असं त्यांनी फ्रंट डेस्कला सांगितलं. आमचं कार्ड तिथे आधीपासून नोंदलेलं होतंच. मला एक फोन केला असता तर मी नाही म्हटलं असतं. तो फोन कुणी केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या गृहस्थांचा नंबर बंद होता. घराच्या विम्यातून काही मिळेल का म्हणून विचारलं, तर भाडं घेऊन दिलेली दुसरी जागा त्यात बसत नाही असं उत्तर आलं.

निदान भाडं तरी हातात आहे, असं आम्ही एकमेकांना समजावत होतो. मुक्काम होऊन सात आठवडे झाल्यावर तेही गेलं. ज्याचं कार्ड होतं त्याने बँकेत तक्रार केली की हा व्यवहार मी केलेलाच नाही. कार्डाचे तपशील चोरीचे होते. बँकेने पूर्ण रक्कम आमच्या खात्यातून परत घेतली. याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीसाठी साधारण 120 दिवस मिळतात, आणि सेवा मिळाली नाही अशी तक्रार असेल तर ते दिवस बुकिंगपासून नव्हे, मुक्कामाच्या तारखेपासून धरले जाऊ शकतात. म्हणजे तुमचा आठवडा वापरून संपलेला असतो आणि पैसे तरीही परत जाऊ शकतात. चेकचंही तेच. खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नसतं. जास्त रकमेचा चेक पाठवून "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" म्हणणारा माणूस बनावट चेक परत येईपर्यंत गायब होतो.

बँकेने पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे काय होतं? एका नावाशी झालेले मेसेज, दुसऱ्या नावाचं कार्ड, तिसऱ्या नावाचं गेस्ट सर्टिफिकेट. लेखी करार नाही, ओळखपत्राची प्रत नाही.

रिसॉर्टने थकबाकी फिटेपर्यंत आमचं पुढचं बुकिंग रोखलं. शिवाय आठवडा भाड्याने दिला होता हे कळल्यावर नियम दाखवले. आमच्याकडे भाड्याने द्यायला बंदी नव्हती, पण आधी कळवायला हवं होतं. सगळीकडे इतकीही मोकळीक नसते. आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल या टाइमशेअरचे आठवडे बदलून देणाऱ्या कंपन्यांमार्फत अदलाबदल करून मिळालेला आठवडा तर भाड्याने देताच येत नाही. त्यांचं गेस्ट सर्टिफिकेट पैसे घेऊन दिल्यास बुकिंग रद्द होऊन सदस्यत्वावर गदा येऊ शकते.

आणखी एक सांगायचंच आहे. या गोंधळात एका बाईंचा फोन आला. "तुमच्या आठवड्याला कंपनीचा भाडेकरू तयार आहे, तीन वर्षांचा करार, भाडं एकरकमी. फक्त कर आणि नोंदणीचे पैसे आधी भरा." बुडालेले पैसे भरून निघतील या आशेने मी जवळजवळ हो म्हटलं होतं. यांनी पलंगावरूनच हात हलवून नको नको केलं आणि फोन ठेवायला लावला. नंतर वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या मालकांना भाडेकरू किंवा गिऱ्हाईक मिळवून देतो सांगून आगाऊ पैसे उकळण्याचा धंदा तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांनी उभा केला आहे. एफबीआयच्या आकडेवारीनुसार 2019 ते 2023 या काळात सुमारे 6,000 अमेरिकन मालकांचे जवळपास 30 कोटी डॉलर त्यात गेले. भाडं देणारा माणूस मालकाकडून आधी पैसे मागत नाही. ज्याने मागितले, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

मला आता कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा रिसॉर्टला लेखी विचारायला सांगते: पाहुण्याचं स्वतःचं कार्ड चाललं नाही तर त्याला खोली देणार का? माझ्या कार्डावर काहीही टाकायचं नाही, हे लिहून घेणार का? तिथून नकार आला तर आठवडा रिकामा गेलेला परवडतो. पैसे भरणारा आणि राहणारा माणूस एकच हवा, ओळखपत्र त्याचंच हवं, किती माणसं राहणार आणि मोडतोडीचे पैसे कोण देणार हे सहीनिशी कागदावर हवं. डिपॉझिट वेगळं घ्या आणि रिसॉर्टने खोली तपासून कळवल्यावरच परत करा. थोडी ओळखीतली माणसं मिळाली तर भाडं कमी घ्या, पण त्यांनाच द्या.

पोलिसांत तक्रार दिली आहे. सर्टिफिकेटवर नाव होतं तो माणूस सापडला, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यालाही कुणीतरी हा आठवडा विकला होता, आणि त्याने रोख पैसे मोजले होते. खरं-खोटं अजून ठरलेलं नाही. रिसॉर्टच्या थकबाकीचे हप्ते करून घेतले आहेत, त्यातले चार राहिलेत. यांचा गुडघा बरा आहे, जिने चढतात. या वर्षीच्या आमच्या आठवड्यात ते युनिट कुलूपबंद होतं.