राणीछाप रुपया की टांकसाळीचा स्मारक संच? मंदीच्या धास्तीत नाणी घेण्याआधी

आधी निकाल. पैसा सुरक्षित राहावा म्हणून नाणी घ्यायची असतील तर पंचम जॉर्जचा साधा, वापरून घासलेला चांदीचा रुपया घ्या, आणि तोही चांदीच्या भावाच्या आसपास मिळाला तरच. टांकसाळीचे स्मारक संच हौसेखातर घ्या, ठेव म्हणून नको. ‘दुर्मिळ’ म्हणून कुणी पुढे सरकवलेलं नाणं सध्या राहू द्या. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत नसेल तर यातलं काहीच नको. अडीनडीला घाईने विकायला काढलेलं नाणं मोडीच्या भावानेच जातं.

कुठल्याही नाण्याच्या किंमतीत दोन भाग असतात: आतला धातू आणि वरची हौस. धातूचा भाव रोज जाहीर होतो, कुठलाही सराफ तो देतो. वरची रक्कम फक्त दुसरा संग्राहक देतो, आणि तंगीच्या दिवसांत तो स्वतःच विकायच्या रांगेत उभा असतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘हे किती जुनं?’ असा नसावा, ‘यात चांदी किती?’ असा असावा.

हिशेब सोपा आहे. ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. आकडेमोडीपुरती चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली तर धातूचे १,०६९ रुपये होतात. दुकानदार १,२०० मागत असेल तर वरची हौस १२ टक्क्यांची आहे. हे चालेल. १,८०० मागत असेल तर जवळजवळ ७० टक्के तुम्ही हौसेला मोजताय. जायच्या दिवशीचा चांदीचा भाव घ्या, १०.६९ने गुणा आणि आकडा खिशात ठेवूनच दुकानात शिरा.

धातूचा भागही अढळ नाही, हे इथेच सांगायला हवं. एप्रिल २०११मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला ४९ डॉलरच्या आसपास होती, २०१५ संपताना ती १४ डॉलरच्या खाली आली होती. शिवाय आपल्याकडे सरकारी निर्णयाचा फटका वेगळा: जुलै २०२४मध्ये सोन्या-चांदीवरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव लगेच उतरले. तेव्हा ‘चांदी कधी पडत नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याशी वाद घालू नका, सरळ पुढचं दुकान गाठा.

राणीछाप आणि राजाछाप

चांदीचा रुपया म्हटलं की घराघरांत ‘राणीछाप’ म्हणतात, पण बाजारात सर्वात जास्त सापडतो तो पंचम जॉर्जचा, मुख्यतः १९१२ ते १९२०चा. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७पासून ‘एम्प्रेस’ असतं. १८६२ सालाचा शिक्का पुढे दहा-अकरा वर्षं तसाच वापरला गेला, म्हणून ‘१८६२चा आहे, जुना आहे’ हे जास्त पैसे मोजायचं कारण नाही. मुंबई टांकसाळीने त्या नाण्यांवर ठिपक्यांनी वर्ष दाखवलं. ठिपके मोजणारे संग्राहक आहेत, ते ठिपक्यांचे पैसेही देतात, पण तो वेगळा अभ्यास आहे आणि नवख्याने त्यावर पैसे लावू नयेत.

सगळ्यात जास्त फसवणूक सहाव्या जॉर्जच्या रुपयात होते. १९४०पासून चांदी ९१.७वरून ५० टक्क्यांवर आणली गेली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, आकार तोच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी शून्य. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. ‘इंग्रजांच्या काळातला, चांदीचाच’ या एका वाक्यावर ही तिन्ही नाणी एकाच भावाने खपवली जातात. साल वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

दोन सालं सावधगिरीची. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पाडलेली बहुतेक नाणी वितळवली गेली. १९३९चे रुपयेही असेच बहुतांश भट्टीत गेले. दोन्हींना संग्राहकांकडून मोठी किंमत येते, आणि म्हणूनच दोन्हींची खोटी नाणी बाजारात फिरतात. या दोन सालांचं नाणं सुटं घेऊच नका. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत असेल आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासून फोटोशी जुळत असेल तरच बोलणी करा. खोट्या डब्याही येतात, त्यामुळे नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही.

साध्या रुपयाची पारख घरीच होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, अर्धी वाटी पाणी आणि बारीक दोरा एवढं लागतं. आधी नाणं कोरडं तोला. ११.६६च्या थोडं खाली असेल, घासलेला रुपया ११.४ ते ११.६ भरतो. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.२ ते १०.४च्या आत आलं तर धातू ९१.७चा असण्याची दाट शक्यता. ९.५ आलं तर अर्ध्या चांदीचा. ८.७च्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नावापुरतीच.

इथे नेहमी चुकतं ते बुडबुड्यांमुळे. नक्षीत अडकलेली हवा पाण्याचा आकडा वाढवते आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात. पावली, म्हणजे चार आण्याचं नाणं, या पद्धतीने तपासू नका. ते तीन ग्रॅमचंही नसतं, त्यामुळे काट्याची शेवटच्या आकड्यातली चूक उत्तर बिघडवते. तीन-चार पावल्या एकत्र बांधून तोलल्या तर चालतं.

धातू खरा असूनही नाणं खोटं असू शकतं, तेव्हा भिंगही हवं. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि काठावर गोल फिरणारी जोडरेषा असते. काठाजवळच्या मण्यांची ओळ खऱ्यात टोकदार असते, ओतलेल्यात मऊ आणि पसरट. तीन-चार खरे रुपये शेजारी ठेवून बघायची सवय लागली की ओतलेलं नाणं नजरेतच खटकतं.

महाराष्ट्रात आणखी एक दोष फार सापडतो. रुपयांच्या माळा करायची पद्धत होती, त्यामुळे कित्येक नाण्यांना कडी लावलेली असते. कडी काढून टाकली तरी काठावर डाग, घासल्याची खूण किंवा भरलेलं भोक राहतंच. अशा नाण्याला संग्राहक हात लावत नाही. ते निव्वळ चांदीच्या भावाने घ्या, एक रुपयाही वर नको. ठेव म्हणूनच घेणार असाल तर हीच नाणी उलट फायद्याची.

टांकसाळीचे स्मारक संच

मुंबईची टांकसाळ, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरची, आज एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीखाली चालते. स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४च्या नेहरूंच्या नाण्यांपासून. आता ७५, १०० किंवा १५० रुपये अशी दर्शनी किंमत असलेली नाणी निघतात. ती व्यवहारासाठी नसतातच. ऑनलाइन किंवा टांकसाळीच्या विक्री खिडकीवर, दर्शनी किंमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून घ्यायची.

वस्तू म्हणून ती सुरेख असतात, यात वाद नाही. प्रूफ, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेल्या नाण्याची आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर दुधाळ उठलेलं चित्र ही कारागिरी पैसे घेण्यालायक आहे. पण धातूचा हिशेब मांडला की उत्साह ओसरतो. २०२३चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं घ्या: ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. वरच्या आकडेमोडीच्या भावाने १,७५० रुपये. पेटी, छापील पुस्तिका आणि चकाकी यांचे पैसे बाकी. मोडायला नेलंत तर सराफ मिश्रधातू गाळायचा खर्च कापतो किंवा सरळ नको म्हणतो. याउलट रिझर्व्ह बँकेच्या ९० वर्षांनिमित्त २०२४मध्ये निघालेलं ९० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं होतं. चांदी म्हणून ते ७५च्या नाण्यापेक्षा कितीतरी सरस. स्मारकच घ्यायचं ठरलं असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेत धातूचं प्रमाण वाचा, शुद्ध चांदीचं निवडा.

फेरविक्रीच्या बाजारात एक गंमत दिसते. बुकिंग बंद झाल्याबरोबर भाव चढवून विकणारे पुढे येतात, मग वर्षा-दोन वर्षांत तेच संच खाली येतात. सरकारी आहे म्हणजे मोजकंच पाडलंय, हे गृहीत धरू नका. घाई न करणाऱ्याला चांगले संच प्रदर्शनात बुकिंगच्या दराखालीही मिळतात. जुन्यांपैकी १९६९चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं आम्हाला पटतं: १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे बरोबर १२ ग्रॅम शुद्ध, आणि अजून धातूच्या जवळपास सापडतं.

पेटीतलं प्रूफ नाणं कॅप्सूलमधून काढू नका. मिश्रणात ४० टक्के तांबं असल्याने बोटाचा ठसा काही आठवड्यांत तपकिरी होतो आणि तो जात नाही.

गिन्नीबद्दल थोडक्यात: खरी गिन्नी म्हणजे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं, ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, व्यास २२.०५ आणि जाडी १.५२ मिलिमीटर. १९१८ साली मुंबईत पाडलेल्यांवर छोटा ‘आय’ असतो. सोन्यात पैसा ठेवायचाच असेल तर ही चांगली. सराफ जी ‘८ ग्रॅमची गिन्नी’ विकतात ती मात्र त्यांची स्वतःची असू शकते. तिला सोन्याच्या भावापलीकडे काही नाही, आणि घडणावळ तर नकोच.

लाखोंची नाणी

वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं, १९९९चं शिवछत्रपतींचं २ रुपयांचं, ही चलनातली साधी नाणी. ‘लाखोंना घेतो’ म्हणणारा आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग कमिशन मागतो. आपलं नाव वापरून असे पैसे उकळले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता. राम दरबार किंवा हनुमानाची छाप असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, यूकेएल वन आना’ लिहिलेली नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. तांदूळ ओढणारं, म्हणजे चमत्कारी म्हणून खपवलं जाणारं नाणं तर पोलिसांच्या फाइलींतच भेटतं. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ लिहिलेला होन सोन्याचा आणि अतिदुर्मिळ असतो. गडाच्या पायथ्याला मिळतो तो पितळी, आठवण म्हणून ठीक.

सांभाळणं आणि विकणं

लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये पाटावर मांडायचे तर पूजेचे वेगळे ठेवा. पंचामृत, हळद-कुंकू आणि नंतर रांगोळी किंवा चिंचेने घासणं, यात नाण्याची वरची झिलई कायमची जाते. घासून चकचकीत केलेला रुपया संग्राहक भिंगाशिवाय ओळखतो आणि धातूच्या भावाने मागतो. काळपट पडला असेल तर तसाच राहू द्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्लाचा अंश सुटतो आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, कोकणात सोबत सिलिका जेल. लॉकरमध्ये ठेवलंत तरी चोरी किंवा आगीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपुरतीच असते.

परदेशी राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १९७२च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीने दिलेला राणीछाप रुपया अमेरिकेला नेणं हा गुन्हा आहे, त्याची किंमत कितीही किरकोळ असो.

विकताना सराफ त्याच दिवशी पैसे देतो, पण तूट कापून. लिलावगृहात नाणं दिलं तर यादी छापणं, लिलाव, हिशेब यात महिने जातात. विकणाऱ्याकडून कमिशन आणि घेणाऱ्याकडून वेगळी टक्केवारी घेतली जाते, म्हणून घेणारा बोलीच तेवढी कमी लावतो. साध्या रुपयासाठी हा मार्ग परवडत नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा, ‘हेच नाणं उद्या परत आणलं तर किती द्याल?’ चांगला व्यापारी आकडा सांगतो. टाळाटाळ केली तर घेऊ नका. सांगितला तर तो आकडा, नाण्याचं साल, वजन आणि दोन्ही बाजूंचा उल्लेख पक्क्या बिलावर लिहून घ्या.