जोधपूरचा लोखंडी कूलर : दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर

अकोल्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने कूलरचे परीक्षण लिहावे, हे माझे मलाच थोडे विचित्र वाटते. आमच्याकडे होळी झाली की गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खिडकीत बसतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्याची घरघर घरातल्या आवाजांपैकीच एक होऊन जाते. त्याविषयी काही मत बनवावे असे कोणाच्या मनातही येत नाही. जोधपूरला बदली झाल्यावर मात्र हे यंत्र मला नव्याने समजून घ्यावे लागले, कारण थरच्या काठावरच्या या शहरात प्रश्न केवळ उकाड्याचा नव्हता. घरात हवा कोंडत होती, आणि ती मोकळी करायला खिडकी उघडावी तर धूळ आत येत होती.

शास्त्रीनगर भागातले आमचे भाड्याचे घर पहिल्या मजल्यावर आहे. छतावर इथल्या पद्धतीप्रमाणे दगडी पट्ट्या आहेत, भिंतीही दगडी आहेत, आणि मे महिन्यात दिवसभर तापलेला हा दगड रात्री दोन वाजेपर्यंत ऊब सोडत राहतो. पहिला उन्हाळा आम्ही झोपण्याच्या खोलीतल्या स्प्लिट एसीवर काढला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, ही गोष्ट ठाऊक असूनही तिचा अर्थ मला कळला तो वडिलांच्या दम्यामुळे. ते सकाळी जड डोक्याने आणि कोंडलेल्या छातीने उठत. म्हणून अवरक्त किरणांवर चालणारा कार्बन डायऑक्साइडमापक विकत घेतला. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात ४२०च्या आसपास असते. आम्ही तिघे झोपलेल्या बंद खोलीत पहाटे ते २,३००च्या पुढे गेलेले असे. हा वायू त्या पातळीला विषारी नसतो, परंतु खोलीतली हवा किती वेळ बदललेली नाही याचा तो चांगला हिशेब देतो. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास दुसऱ्या दिवशी सकाळी झोपण्याच्या खोलीत का रेंगाळतो, याचेही उत्तर त्यात होते.

दुसऱ्या मार्चमध्ये आम्ही कूलर घेतला. नामांकित कंपन्यांचे प्लास्टिकचे कूलर पाहिले, पण शेवटी पत्र्याचे कूलर स्वतः बनवणाऱ्या एका स्थानिक कारागिराकडे गेलो. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे त्याच्या दुकानाचे नाव देत नाही. कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसणारा, तिन्ही बाजूंना पाण्याने भिजत राहणारे, मधाच्या पोळ्यासारखे हनीकॉम्ब पॅड असलेला आणि सुमारे नव्वद लिटरच्या टाकीचा आहे. किंमत ११,५०० रुपये पडली, आणि मागच्या व बाजूच्या जाळ्यांवर धूळ अडवणारी वेगळी चौकट बनवून घेण्याचे १,४०० रुपये आणखी. पैसे घेताना कारागीर म्हणाला, "साहब, हवा आने का रास्ता मैंने बना दिया, जाने का रास्ता आप रखना." दुकानदाराने उगाच काहीतरी बोलायचे म्हणून बोललेले ते वाक्य नव्हते, हे पुढे महिनाभरात कळले.

आधी थंडाव्याविषयी, कारण बहुतेकांना तेवढेच विचारायचे असते. बाहेर ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. पाणी उडवून हवा थंड करण्याची ती शेवटची मर्यादा. कोणताही साधा कूलर त्याखाली जाऊ शकत नाही. चांगले पॅड या दोन आकड्यांमधले पाऊण ते चार पंचमांश अंतर कापतात, म्हणजे झोत २६ ते २७ अंशांचा मिळायला हवा. आमच्या कूलरच्या तोंडाशी मेच्या दुपारी मी बहुतेक वेळा २७ ते २८ अंश मोजले आहेत, आणि त्याला मी उत्तम म्हणतो. १९ मे २०१६ रोजी ज्या फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली ते गाव इथून फार दूर नाही. इतक्या कोरड्या उष्म्यात कूलर अधिक जोमाने काम करतो, ही वाळवंटाची विदर्भापेक्षाही मोठी सोय आहे.

परंतु माझ्या दृष्टीने या यंत्राचे खरे मोल थंडाव्यात नाही. कूलर जेवढी हवा आत फेकतो तेवढी सगळी बाहेरची, ताजी असते, आणि म्हणूनच तो मुळात वायुवीजनाचे यंत्र आहे. गारवा हा त्याचा जोडधंदा समजावा. कूलरवर झोपलेल्या रात्रींनंतर त्याच मापकावर पहाटेचे आकडे ४५० ते ५०० दिसू लागले. अट एकच, आणि ती कारागिराने सांगितलेलीच: आत आलेल्या हवेला बाहेर जायला जागा हवी. पहिले आठ दिवस आम्ही "गार हवा बाहेर जाऊ नये" म्हणून समोरची खिडकी बंद ठेवत होतो, तेव्हा तासाभरात खोली दमट होई, चादरी चिकट लागत आणि झोतही मंदावे. आता झोपण्याच्या खोलीत कूलर, मधला बोळ मोकळा, आणि शेवटी स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी, असा हवेचा प्रवास आम्ही ठरवून ठेवला आहे. त्यामुळे फोडणीचा ठसका आणि तेलाचा धूर घरभर फिरण्याआधीच मागच्या बाजूने निघून जातो. कोणत्या खोलीचे दार किती उघडे ठेवले की कुठे किती झोत मिळतो, हे घरातल्या सगळ्यांना आता पाठ झाले आहे, आणि त्यावरून भांडणेही होतात.

या मांडणीचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पूर्वी स्वयंपाकघरात फक्त एक्झॉस्ट फॅन होता. तो हवा बाहेर ओढे, घरात किंचित पोकळी निर्माण होई, आणि ती भरून काढायला दाराच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यांतून, विजेच्या पेट्यांच्या भोकांतूनसुद्धा धुळीसकट हवा आत येई. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर रोज सकाळी पिवळसर धुळीची बारीक रेघ सापडायची ती त्यामुळे. कूलर उलट करतो: तो घरात हवा ढकलतो, त्यामुळे फटींमधून हवा आत न येता बाहेर जाते. कूलर चालू असलेल्या दिवसांत उंबऱ्यावरची ती रेघ जवळजवळ नाहीशी झाली. याचा सरळ अर्थ असा, की घरात येणारी बहुतेक सगळी हवा आता एकाच जागेतून, म्हणजे कूलरच्या जाळीतून येते, आणि धूळ गाळायची असेल तर ती तिथेच गाळली पाहिजे.

म्हणून ती १,४०० रुपयांची चौकट. ओले पॅड वाळूचे जाडसर कण बऱ्यापैकी पकडतात, पण पकडलेल्या धुळीचा टाकीत चिखल होतो, पंप तोच चिखल वर चढवतो आणि पॅडच्या पन्हळ्या आतून बुजू लागतात. वाळवंटात पॅड लवकर निकामी होतात ते पाण्याइतकेच या चिखलामुळे. आम्ही केलेल्या चौकटीत धुता येण्याजोगे न विणलेले कृत्रिम कापड ताणून बसवले आहे आणि ते पॅडपासून चार बोटे दूर आहे. हे अंतर महत्त्वाचे, कारण कापड ओले झाले की त्यावर धुळीचा लेप बसतो आणि हवा अडते. कारागिराने पहिल्यांदा चौकट पॅडला चिकटवूनच आणली होती. ती परत पाठवावी लागली. कापड जाड घेण्याचा मोहही टाळावा. कूलरचा पंखा पुष्कळ हवा हलवतो, पण अडथळ्याविरुद्ध जोर लावण्याची ताकद त्याच्यात फार नसते, त्यामुळे दाट गाळणी लावली की झोतच मरतो. आमच्या पातळ कापडानेही झोत जाणवण्याइतका कमी झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दर चौथ्या दिवशी चौकट काढून झटकतो आणि पंधरवड्याने धुतो.

या चौकटीने काय साधले आणि काय नाही, हे वेगळे सांगतो. जेवणाच्या टेबलाच्या काळ्या काचेवर पूर्वी संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येई, आता तिसऱ्या दिवशी येते. टाकीतला चिखल निम्म्यावर आला. मात्र अडीच मायक्रोमीटरपेक्षा सूक्ष्म कणांच्या बाबतीत, म्हणजे वाहनांचा धूर आणि कचरा जाळल्याचा धूर यांच्या बाबतीत, कूलर आणि चौकट दोघेही जवळजवळ हतबल आहेत. जोधपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांपैकी एक आहे, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कोणी पाचोळा पेटवला की कूलर तो धूर इमानेइतबारे आमच्या उशाशी आणून सोडतो. अशा वेळी तो बंद करणे एवढाच इलाज. लेझरवर चालणारे स्वस्त कणमापक इथे जपून वाचावेत असेही अनुभवाने म्हणेन: वाळवंटी धुळीचे मोठे कण ते कमी मोजतात आणि कूलरच्या दमट झोतासमोर ठेवले तर आकडा उगीच फुगवतात.

मे-जूनमध्ये येणाऱ्या आंधीचा, म्हणजे धुळीच्या वादळाचा, प्रकार स्वतंत्र आहे. पश्चिमेचे आभाळ पिवळट होऊ लागले की पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात कूलर बंद करून त्याच्या तोंडावर आतून प्लायवुडची फळी लावायची, स्वयंपाकघराची खिडकी बंद करायची आणि झोपण्याच्या खोलीत हेपा गाळणीचा (अतिसूक्ष्म कणही अडवणारा) एअर प्युरिफायर सुरू करायचा, असा आमचा क्रम आहे. ही फळी कूलरसोबत मिळाली नाही, सुताराकडून बनवून घ्यावी लागली. वाळवंटात विकल्या जाणाऱ्या कूलरला ती मुळातच असायला हवी होती. वादळ ओसरल्यावर लगेच पंखा लावू नये. आधी दहा मिनिटे नुसता पंप चालवून पॅड पूर्ण भिजू द्यावेत, नाहीतर कोरड्या पॅडवर साचलेली सगळी धूळ पहिल्याच झोतात खोलीत येते. आम्ही एकदा ही चूक केली आणि त्या रात्री वडिलांना दोनदा इनहेलर घ्यावा लागला.

पाण्याचा मुद्दा मला अजूनही टोचतो. मेच्या दुपारी हा कूलर तासाला पंधरा ते वीस लिटर पाणी उडवतो. वीज दोनशे वॅटच्या आसपास लागते, जिथे दीड टनी एसी पंधराशे वॅटच्या घरात जातो, त्यामुळे विजेच्या बिलावर आम्ही खूश आहोत; पण ज्या शहराचे पाणी इंदिरा गांधी कालव्यातून उपसून आणावे लागते, तिथे दिवसाला दीडशे लिटर हवेत सोडताना मन खाते. त्यातच ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कालव्याच्या दुरुस्तीसाठी नहरबंदी येते. नळाला पाणी कमी येते, टँकर मागवावा लागतो, आणि टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे, खारे असते. पहिल्या वर्षी त्या तीन आठवड्यांत पॅडच्या कडांवर क्षारांचे पांढरे कवच बसले आणि एक पॅड ठिसूळ होऊन तुटला. आता त्या काळात टाकीतले पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण सोडतो, कारण पाणी उडून जाते तसे मागे राहिलेले क्षार दाट होत जातात. सोडलेले पाणी फरशी धुवायला वापरतो. एरवीही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासावीच लागते, नाहीतर डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना ती आयतीच सापडते.

कारागिरीविषयी तक्रारी आहेत. टाकीचा पत्रा आतून एकदाच रंगवलेला होता. पहिल्या हंगामाच्या शेवटी तळाला गंज चढला आणि एका सांध्यातून पाणी गळू लागले. कारागिराने झाळ मारून दिली, परंतु रंगाचे पैसे वेगळे घेतले. पाणी सोडण्याचे भोक तळापासून बोटभर वर असल्याने टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नसे, आणि नेमका तिथेच चिखल राही. सर्वांत गंभीर बाब अर्थिंगची: तीन पिनांचा प्लग होता, पण अर्थिंगची तार पत्र्याला जोडलेलीच नव्हती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या वाचलेल्या असल्यामुळे मी घरी आणल्यावर पहिल्यांदा तेच तपासले आणि इलेक्ट्रिशियनकडून तार जोडून घेतली. याबाबत विचारल्यावर दुकानात मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते. आवाज मोठा आहे. वरच्या वेगावर टीव्ही ऐकू येत नाही, खालच्या वेगावर सवय होते.

जुलैत पावसाळी वारे आले की या यंत्राचा उपयोग संपतो. ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत झोत तीस अंशांच्या खाली येत नाही आणि घर ओलसर होते, जे दम्याच्या रुग्णाला मुळीच चांगले नाही, कारण घरधुळीतले सूक्ष्म कीटक सततच्या ओलाव्यात वाढतात. तेव्हा आम्ही एसीकडे वळतो, पण आता झोपताना दार चार बोटे उघडे ठेवतो आणि कूलरचा पंखा पंपाशिवाय पहाटे अर्धा तास चालवून घरातली हवा बदलून घेतो. मार्च-एप्रिलच्या गार रात्रींतही हाच कोरडा पंखा दगडी भिंतींची ऊब काढायला पुरतो आणि पाणीही वाचते.

वडील आता मार्च ते जून कूलरच्या खोलीतच झोपतात, झोताच्या थेट समोर नव्हे, बाजूच्या भिंतीला. ज्यांच्या घरी दोन समोरासमोरच्या खिडक्या आहेत आणि दर चार दिवसांनी चौकट झटकायला माणूस आहे, त्यांना हा कूलर मी पाचपैकी साडेतीन गुणांनी सुचवेन. एकाच खिडकीची खोली असेल तर घेऊ नये. यंदा टाकीला आतून इपॉक्सी रंगाचे दोन हात दिले आहेत, पाणी सोडण्याचे भोक तळालाच पाडून घेतले आहे आणि चौकटीसाठी कापडाचा दुसरा संच शिवून ठेवला आहे, म्हणजे एक वाळत असताना दुसरा लावता येईल.