गुऱ्हाळाचा ट्रेलर: इंजिनाचे ठोके हवेत, पियानो नको

मालिकांचे प्रोमो कापणं हे माझं गेल्या १४ वर्षांचं काम. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मास कम्युनिकेशनच्या मुलांनी आपल्या शॉर्ट फिल्मचा ट्रेलर 'ताई, बघून सांगा' म्हणून पाठवला. १ मिनिट ५२ सेकंदांचा. आधी सलग पाहिला, मग फ्रेम थांबवत थांबवत चार वेळा. चांगला आहे. एका ठिकाणी तर फारच चांगला आहे, आणि म्हणूनच शेवटच्या १५ सेकंदांनी जीव हळहळला.

गोष्ट दोन भावांची. वडिलांचं गुऱ्हाळ विकायचं की चालवायचं? अशा घरगुती ड्रामाचा ट्रेलर कसा असतो ते आपल्या अंगवळणी पडलंय. सुखाचे दिवस, कुणाच्या तरी आवाजात एक जड वाक्य, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, मग संगीत चढत जातं, भांडण, रडणं, कानाखाली. मुलांनी यातलं बरंच घेतलंय: धुक्यात मिसळणारा चुलवाणाचा, म्हणजे गुळाच्या भट्टीचा धूर, वडिलांचा आवाज, ती अक्षरंसुद्धा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण काय बघायला बसलोय हे पहिल्या २० सेकंदांत कळायला हवं, आणि ते कळतं.

संगीत मात्र नाही. त्याच्या जागी चरकाच्या डिझेल इंजिनाचे ठोके, आणि प्रत्येक कट ठोक्यावर बसवलेला. ऊस चरकात जातो. जाळ घालणारा जळव्या चुलवाणात चिपाडं सारतो. धाकट्याच्या मोबाइलवर व्यापाऱ्याचा फोन येतो. शॉट आखूड होत जातात, आणि १ मिनिट १२ सेकंदांवर, जिथे आपले कान व्हायोलिनची वाट बघत असतात, तिथे इंजिन बंद होतं.

भांडण येतच नाही. दिसतो तो थोरल्याचा हात. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला पाक तो गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. गूळ झाला की नाही हे गुळव्या असंच ओळखतो. मागून धाकट्याचा आवाज: "दादा, उद्या सही हाय." थोरला मान वर करत नाही. गोळी ताटलीच्या कडेवर टाकतो. टक्. शॉट ९ सेकंदांचा आहे. मला प्रोमोत कुणी ३ सेकंदांच्या वर थांबू देत नाही, म्हणून सांगते, या ९ सेकंदांना कात्री लावू नका.

हे जमलंय, कारण आधी ७० सेकंद मुलांनी आपल्याला ठोक्याची सवय लावली. ट्रेलरची रीत पहिल्या फ्रेमपासून झुगारली असती, तर इंजिन थांबल्याचं कुणाला जाणवलंही नसतं.

आणि मग १ मिनिट ३७ सेकंदांवर पियानो. इंटरनेटवरून उतरवलेला, शंभर ठिकाणी ऐकलेला. त्याच्याबरोबर सातबाऱ्यावर ठेवलेला वडिलांचा हात, म्हणजे शेवट काय होणार तेही सांगून टाकलं! हे १५ सेकंद धीर सुटल्यामुळे आलेत, मुलांना कमी येतं म्हणून नव्हे. प्रेक्षकाला कळणार नाही अशी भीती मलाही दर आठवड्याला वाटते. पण इथे कळतंय, अगदी नीट कळतंय. लांबीचीही काळजी नको: अमेरिकेतल्या थिएटर मालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर २ मिनिटांत आटपा असं सुचवलं होतं. तुम्ही दीड मिनिटात थांबलात तरी काही बिघडत नाही.

दुसरी चूक चित्राच्या वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांची. 'सिनेमासारखं' दिसावं म्हणून त्या एडिटिंगमध्ये वरून चिकटवल्यात. शूटिंग केलं पिक्सेलच्या पूर्ण १०८० आडव्या ओळींच्या चौकटीत आणि पट्ट्यांनंतर उरल्या जेमतेम ८००, त्यामुळे फोनच्या शॉटमध्ये धाकट्याचं कपाळ कापलं गेलंय. पट्ट्या हव्या असतील तर शूटिंगच्या वेळीच मॉनिटरवर खुणा करून घ्यायच्या.

आत्ता ५ पैकी साडेतीन. पियानो, सातबारा आणि पट्ट्या काढलेली प्रत मला पाठवा. मी ती स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावणार आहे. ते टक् तिथे कसं वाजतं ते ऐकायचंय.