बिलात पीओई, कॉम्प्रेसरमध्ये मिनरल ऑईल

आमच्या शीतखोलीचा कॉम्प्रेसर बदलून देणाऱ्याने बिलात पीओई ऑईलचे (कृत्रिम एस्टर वंगणाचे) पैसे लावले आणि आत टाकलं मिनरल ऑईल (खनिज तेलापासूनचं जुन्या पद्धतीचं वंगण), तेही उघड्या डब्यातलं. यंत्रणा आर-४०४ए या थंडावा देणाऱ्या गॅसची, तिला पीओईच लागतं. अशी फसवणूक वरून दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी सगळं ठीक चाललं. मग थंडावा कमी पडू लागला, कॉम्प्रेसर बंदच होईना, साइट ग्लासमधली (कॉम्प्रेसरवरच्या ऑईल दिसायच्या काचेतली) ऑईलची पातळी उतरली. त्याने येऊन सांगितलं, गॅस लीक आहे. लीक कुठे ते दाखवलं नाही. गॅस भरला, त्याच डब्यातलं ऑईल पुन्हा टाकलं आणि दोन्हीचे पैसे घेतले. पुढे कॉम्प्रेसर जाम झाला.

दुसऱ्या तंत्रज्ञाने ऑईल काढून रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून ऑईल ओळखणाऱ्या उपकरणावर) तपासलं, तेव्हा ते बहुतांश मिनरल निघालं. पहिल्याला जाब विचारला, तर म्हणाला, "दोन्ही ऑईल एकमेकांत मिसळतात, काही होत नाही." मिसळतात हे खरं आहे आणि लोक इथेच फसतात. प्रश्न ऑईल गॅसमध्ये विरघळतं का, हा आहे. कॉम्प्रेसरमधून थोडं ऑईल गॅसबरोबर बाहेर जातंच. ते थंडावा देणाऱ्या कॉइलमधून फिरून सक्शन लाइनने (कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या नळीने) परत यावं लागतं. पीओई आर-४०४ए किंवा आर-१३४ए अशा गॅसमध्ये विरघळतं, म्हणून परत येतं. मिनरल ऑईल विरघळत नाही. कॉइलच्या थंडीत ते घट्ट होऊन नळ्यांत साचतं. तिकडे थंडावा घटतो, इकडे बेअरिंग कोरडी पडतात. त्यात वरून आणखी ऑईल ओतणं म्हणजे कॉइल अजून भरणं. मिनरल ऑईलवर चालणाऱ्या जुन्या आर-२२ गॅसच्या यंत्रणेत बदलून असा गॅस भरताना उरलेलं मिनरल ऑईल साधारण ५ टक्क्यांच्या खाली आणायला सांगतात, ते याचसाठी.

उघड्या डब्यात खरं पीओई असलं तरी ते घेऊ नका. ते हवेतली ओल झपाट्याने शोषतं, आणि ती ओल व्हॅक्यूमने पुरती निघत नाही. पाण्यामुळे ऑईलचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खराब करतं.

काम सुरू होण्याआधी नव्या कॉम्प्रेसरची नेमप्लेट आणि उत्पादकाचा कागद मागा. गॅस कोणता, ऑईल कोणतं आणि किती दाटपणाचं, ते जुळवून पाहा. नवा कॉम्प्रेसर बहुतेकदा ऑईल भरूनच येतो, मग वेगळं ऑईल कशासाठी लावलं ते विचारा. डबा सीलबंद असावा आणि तुमच्यासमोर फोडावा. फिल्टर ड्रायर (नळीतला ओल आणि कचरा अडवणारा भाग) नवा बसायलाच हवा.

जाम झालेला कॉम्प्रेसर तो पहिला तंत्रज्ञ 'एक्स्चेंज'मध्ये न्यायची घाई करत होता. आम्ही दिला नाही, म्हणूनच ऑईल तपासता आलं. हिशेब मिटेपर्यंत जुना कॉम्प्रेसर हलवू देऊ नका, आणि काढलेलं थोडं ऑईल कोरड्या बाटलीत घट्ट बंद करून तारीख टाकून ठेवा.