आत्या आणि दादासाठी घर: गावभागातलं स्वतःचं, विश्रामबागेत भाड्याचं, की वृद्धाश्रम?

गेले चार महिने आमच्या घरात हाच विषय चाललाय, सांगली-मिरजेत अजून कुणाकडं हाच घोळ असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. आत्या 74 ची, गुडघे पार गेलेत. तिचा मुलगा, आमचा दादा, 46 चा, सेरेब्रल पाल्सीमुळं लहानपणापासून व्हीलचेअरवर. घरात दोघंच.

आहे तिथंच ठेवायचं म्हटलं तर गावभागातलं घर तळमजल्यावर, भाडं नाही, शेजारी चाळीस वर्षांचे, हाक मारली की भाकरी टाकून येतात. ही सोय पैसे देऊन मिळत नाही. पण कृष्णा दाराशी. 2019 ला आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची, आणि दादाला चौघांनी उचलून बोटीत बसवलं, खुर्ची मात्र घरातच बुडाली. 2021 ला परत तेच. व्हीलचेअरला तळमजला लागतो आणि पुराला वरचा मजला, सांगलीत खरी अडचण ही आहे.

घरात बदल करणार असाल तर रॅम्पचा हिशोब आधी करा, 1 इंच उंचीला 12 इंच लांबी. आमच्या दाराला 14 इंच चढ, म्हणजे 14 फूट रॅम्प पाहिजे, गवंड्यानं 5 फुटांत बसवून दिला. दादा त्यावर एकटा चढू शकत नव्हता आणि एकदा उतरताना आत्याच्या हातातून खुर्ची सुटली, कपाळाला तीन टाके पडले. आता अंगणातून वळवून घेतलाय, नीट झालंय. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, त्यातून काय मिळतंय ते तिथं जाऊन विचारा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आधार सोबत ठेवा.

विश्रामबागेकडं भाड्यानं बघितलं तर पुराची भीती कमी, दवाखाने जवळ, दिवसा मदतीला बाई पण मिळते. पण मालक व्हीलचेअर म्हटलं की मागं सरतात, एकानं तर तोंडावर सांगितलं फरशी खराब होईल. आणि बाथरूमचं दार! तीन घरं बघितली, तिन्हीकडं दार 24 इंचाचं आणि दादाची खुर्ची 26 ची. करार 11 महिन्यांचा करू नका, दरवर्षी या दोघांना कुठं हलवणार? 36 महिन्यांचा मागा, रजिस्टर करून घ्या, कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे, आणि संडासात धरायचे दांडे बसवायला परवानगी करारातच लिहून घ्या. लिफ्टवाला वरचा मजला आम्ही सोडला, लाईट गेली की दादा वरच अडकणार.

वृद्धाश्रमाला मी नावं ठेवणार नाही. एकटं माणूस असेल, हिंडतं-फिरतं असेल तर जेवण, औषधं, सोबत सगळं एका जागी मिळतं, आपल्या जिवालाही घोर राहत नाही. पण आम्ही विचारलं तिथं वयाची अट 60, म्हणजे आत्याला जागा आणि दादाला नाही, त्याला दुसऱ्या संस्थेत ठेवा म्हणाले. आत्या त्या दिवशी जेवली नाही. आई-लेकाला वेगळं करणारा पर्याय आमच्यासाठी तिथंच संपला.

काहीही ठरवा, पण घर म्हाताऱ्या माणसाच्या नावावरच राहू द्या. बक्षीसपत्र केलंच तर सांभाळायची अट त्यात स्पष्ट लिहा, कारण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 प्रमाणं अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं, अर्ज प्रांतांकडं, आपल्याला मिरजेला. वकील लागतोच असं नाही. नुसतं विचारायचं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन 14567.

आमचं मत आता विश्रामबागेकडं झुकलंय, गावभागातलं घर भाड्यानं देऊन त्यातून निम्मा खर्च निघेल. शेजार तुटणार याचं वाईट वाटतंय, आत्याला तर जास्तच. दादाची एकच अट आहे, त्याची खिडकी रस्त्याकडं पाहिजे, म्हणून रविवारी टेप घेऊन अजून दोन घरं बघायला चाललोय.